चौदा दिवसांच्या आत

सरकारी दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी निघाली की आईच्या हातात एक फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड येतं. बाळाचं वजन, जन्मवेळ, डाव्या दंडावर बीसीजी टोचल्याची नोंद, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस-बीची लस, असं सगळं त्यावर असतं. पुढच्या लसीची तारीख पडते ती थेट सहा आठवड्यांनंतरची. बाळाच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करते की नाही, याची नोंद मात्र त्या कार्डावर असेलच असं नाही. देशातल्या प्रत्येक बाळासाठी सक्तीची अशी तपासणी आपल्याकडे नाही. डॉक्टरांना सुचलं, आईबापाला परवडलं किंवा घरातल्या कुणी शिकल्यासवरल्या माणसानं विचारलं, तर ती होते.

माझं म्हणणं असं की हे नशिबावर सोडायचं प्रकरण नाही. बाळ नागपूरच्या मेडिकल, मेयो, डागा अशा सरकारी दवाखान्यात जन्मो की धंतोलीतल्या एखाद्या महागड्या नर्सिंग होममध्ये, त्याच्या कार्डावर टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीचा, आकडा आलाच पाहिजे. आणि तो आकडा वाईट निघाला तर बाळ चौदा दिवसांचं व्हायच्या आत औषध सुरू झालं पाहिजे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि आपली यंत्रणा नेमकी तिथेच ढिली पडते. त्यावर पुढे येतोच.

आधी ही घाई कशासाठी, ते. नवजात बाळाची थायरॉईड ग्रंथी जेमतेम एक-दीड ग्रॅमची असते. रक्तातलं आयोडीन ओढून घ्यायचं आणि थायरॉक्सिन नावाचं हार्मोन बनवायचं, हे तिचं काम. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. शरीरातल्या पेशी त्यातला एक काढून टाकतात. उरलेलं ३ अणूंचं रूप पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुकं चालू व्हायची ते ठरवतं. मोठ्या माणसात हे हार्मोन कमी पडलं तर थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात, थंडी सोसत नाही. गोळी सुरू केली की काही आठवड्यांत माणूस ताळ्यावर येतो. बाळाचं तसं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या मेंदूत चेतापेशींना फांद्या फुटत असतात, त्यांची आपापसात जोडणी होत असते, तंतूंवर मायलिनचं वेष्टन चढत असतं. हे सगळं थायरॉक्सिनच्या भरवशावर चालतं. त्या काळात ते मिळालं नाही तर जे बांधायचं राहून जातं, ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी पुरतं भरून निघत नाही. उंची वाढते, चेहऱ्यावर तजेला येतो, बद्धकोष्ठ जातं. बुद्धीचं नुकसान राहतं.

ही कमतरता ओळखायची सोयही शरीरातच आहे. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिचा कारभार मुकादमासारखा. रक्तात थायरॉक्सिन कमी दिसलं की ती टीएसएच नावाचं हार्मोन सोडून थायरॉईडवर आवाज चढवते आणि पुरेसं झालं की गप्प बसते. म्हणून टीएसएच वाढलेलं दिसलं तर त्याचा अर्थ थायरॉईड काम करत नाही असा लावायचा. पुष्कळ लोक नेमकं उलटं समजतात. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या दोन-चार थेंबांत हा चढलेला आवाज मोजता येतो. खुद्द पिट्युटरीच बिघडलेली असेल तर एवढ्यावर भागत नाही, पण तशी बाळं फार थोडी.

मग डॉक्टरांना बाळ बघून कळत नाही का? नाही कळत, आणि सगळा युक्तिवाद इथेच येऊन थांबतो. आईच्या पोटात असताना तिचं थोडं थायरॉक्सिन वारेतून बाळाला मिळत असतं. त्यामुळे ज्याच्या गळ्यात थायरॉईड जवळजवळ नाहीच, असं बाळसुद्धा जन्मताना चांगलं गुटगुटीत दिसतं. ही ग्रंथी गर्भात जिभेच्या बुडाशी तयार होते आणि हळूहळू खाली उतरून गळ्यात येते. काही बाळांत ती वाटेतच अडकते, काहींत फार लहान राहते, काहींत तयारच होत नाही. काहींत ग्रंथी जागेवर असते, पण हार्मोन बनवायच्या एखाद्या टप्प्यावर तिचं अडतं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. दिसू लागतं ते काही आठवड्यांनी, आणि तेही असं की प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर तयार असतं.

माझ्या ओळखीत हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारं एक कुटुंब आहे. त्यांच्या नातवाची कावीळ महिना झाला तरी उतरली नाही. कोवळं ऊन दाखवत राहिले. चार-चार दिवस शी व्हायची नाही. घुटी सुरू केली. बेंबी फुगून बाहेर आली. त्यावर रुपयाचं नाणं ठेवून पट्टी बांधली. जीभ सारखी ओठांबाहेर. लाडात काढतो म्हणाले. आवाज घोगरा, सर्दी असेल. आजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "लेकरू मोठं गुणाचं आहे बाप्पा, रातभर झोपते, रडत नाही काही नाही." वर्ष होत आलं तरी पोरगं धड बसेना, तेव्हा कुणीतरी रक्त तपासायला लावलं. गोळी लगेच सुरू झाली. आता तो शाळेत जातो, पण वर्गातली मुलं पुढे निघून जातात आणि तो मागे राहतो. या गोष्टीत दोष कुणाचा, ते शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. आजीचा नाही, आईचा नाही. ज्या खासगी दवाखान्यात तो जन्मला, तिथल्या डॉक्टरांनीही चुकीचं असं काही केलं नाही. तपासणी लिहून दिली नाही एवढंच. ती लिहायला त्यांना कुणी बांधलेलं नव्हतं.

लक्षणं दिसल्यावर तपासायचं म्हटलं की उशीर झालेलाच असतो. म्हणून १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ज्याँ द्युसो या डॉक्टरांनी वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून सगळ्याच बाळांची थायरॉईड तपासणी सुरू केली आणि बघता बघता श्रीमंत देशांत ती नेहमीची गोष्ट झाली. आपल्याकडे गरज कमी आहे असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) एका मोठ्या अभ्यासात पाच महानगरांतली १ लाखावर बाळं तपासली गेली. त्यात जन्मजात थायरॉईड कमतरतेचं प्रमाण निघालं ११३० बाळांत १. जगात हे प्रमाण साधारण २००० ते ४००० मध्ये १ असं धरलं जातं. म्हणजे आपल्याकडे दहा हजार बाळंतपणांमागे आठ-नऊ मुलं. एवढ्या मुलांची बुद्धी वाचवायचा खर्च जास्त की ती गमावल्यावर विशेष शाळा, आईचा बुडालेला रोजगार आणि त्या माणसाचं आयुष्यभराचं परावलंबन यांचा खर्च जास्त, हा हिशेब करायला अर्थतज्ज्ञ नको. औषध तर इतकं स्वस्त आहे की त्याची जाहिरात करायलाही कुणी पुढे येत नाही. लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसतो.

नागपूरला हे शक्य नाही असं कुणी म्हणू नये. विदर्भानं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निमित्तानं रक्त तपासून घ्यायची सवय केव्हाच लावून घेतली आहे. लग्न जुळवताना पत्रिकेसोबत सिकलसेलचा रिपोर्ट मागणारी घरं इथे आहेत. नागपूरच्या मेडिकलमध्ये नवजात बाळांचं रक्त घेऊन सिकलसेल शोधण्याचं काम झालेलं आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ० ते ४० वयोगटातल्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. ज्या टाचेतून सिकलसेलसाठी रक्त घ्यायचं, त्याच टोचणीत थायरॉईडचेही ठिपके भरता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याच्या आजारांच्या यादीत जन्मजात थायरॉईड कमतरता आणि सिकलसेल हे शेजारी शेजारीच होते. फक्त दोन्ही राज्यांच्या मर्जीवर सोडलेल्या ऐच्छिक गटात. सिकलसेल आपण त्या गटातून बाहेर काढला, कारण त्याच्यामागे माणसं उभी राहिली: रुग्ण, त्यांचे आईबाप, डॉक्टर, आदिवासी आणि दलित वस्त्यांतले कार्यकर्ते. थायरॉईडच्या बाळांमागे कुणी नाही. दहा तालुक्यांत विखुरलेल्या आठ-नऊ घरांचा मोर्चा निघत नाही.

आता कामाच्या अडचणी. जन्मल्याबरोबर बाहेरच्या गारव्यानं आणि धक्क्यानं प्रत्येक निरोगी बाळाचं टीएसएच उसळी मारतं आणि दोन-तीन दिवसांत खाली येतं. म्हणून टाचेचं रक्त ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतलेलं बरं. त्या आधी घेतलं तर धडधाकट बाळंही संशयित ठरतात आणि विनाकारण घरादाराची झोप उडते. पण साधं बाळंतपण झालेली बाई दोन दिवसांत घरी जायला निघते. वॉर्डात खाटा कमी, घरी थोरलं पोर वाट पाहतंय, नवऱ्याची रोजी बुडतेय. मग आधीच निघालेल्या बाळांचं काय करायचं? एक उपाय नाळेच्या रक्ताचा आहे. बाळंतपणाच्या वेळीच ते घेता येतं, बाळाला टोचावंही लागत नाही. दुसरा उपाय आशाताईंच्या गृहभेटींचा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी बघायला जातात. त्या वेळी उपकेंद्राची सिस्टर सोबत असेल तर ठिपका घरीच घेता येईल. आशाताईंवर आधीच किती कामं लादली आहेत आणि मानधनासाठी त्यांना किती वेळा संविधान चौकात बसावं लागतं, हे नागपूरकरांना सांगायला नको. हे काम वाढवायचं तर त्याचे पैसेही मोजले पाहिजेत. लसीकरणावर मात्र विसंबता येणार नाही, कारण जन्माच्या लसी आणि सहा आठवड्यांच्या लसी यांच्या मधल्या रिकाम्या जागेतच आपले चौदा दिवस येऊन जातात.

नमुना घेणं ही कला आहे, पण अवघड नाही. बाळाचा पाय कोमट फडक्यानं शेकून घ्यायचा. टाचेच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोठा थेंब फिल्टर पेपरच्या कार्डावरच्या वर्तुळात एकदाच टेकवायचा. रक्त कागदाच्या मागच्या बाजूला उमटलं की वर्तुळ भरलं. वर्तुळात थेंबावर थेंब टाकले किंवा टाच पिळून रक्त काढलं तर रिपोर्ट बिघडतो. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं तर ते वाळेल पटकन, पण तसं करायचं नाही. वॉर्डातल्या सिस्टरला हे एका दुपारात शिकता येतं.

खरी मेख पुढे आहे. समजा, रिपोर्ट वाईट आला. बाळ कुठे आहे?

पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. पोरगी सासरी वर्ध्याला, माहेर कळमेश्वरला, बाळंत झाली नागपुरात. फॉर्मवर पत्ता सासरचा, फोन नंबर नवऱ्याचा, आणि नवरा पुण्याकडे कुठल्या तरी साइटवर. शिवाय नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांत छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहूनही बाया येतात. राज्याची हद्द ओलांडली की आपल्या आशाताईंचं जाळंही संपतं. फोन लागला तरी काय सांगायचं? "बाळाचं रक्त पुन्हा तपासायला या" म्हटलं तर सव्वा महिना झाल्यावर बघू, असं उत्तर येतं, कारण त्या आधी बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नसतं. ज्यांनी हे काम कागदावर आखलं, त्यांनी सव्वा महिन्याचा हिशेब केला नाही. चौदा दिवस आणि सव्वा महिना यांच्यात कुणीतरी घरच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलून मार्ग काढावा लागतो. संगणकावरच्या पोर्टलनं ते होत नाही.

म्हणून मी यंत्रसामग्रीपेक्षा माणूस आधी मागेन. प्रत्येक मोठ्या प्रसूती रुग्णालयात या कामासाठी एक सिस्टर, एक फोन, एक वही. फॉर्मवर तीन नंबर: आईचा, माहेरचा, गावच्या आशाताईंचा. प्रयोगशाळेकडून रिपोर्ट तीन दिवसांत. संशयित बाळाच्या घरी फोनही आणि माणूसही. दुसऱ्या तपासणीत टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन) कमी आणि टीएसएच जास्त असल्याचं पक्कं झालं की त्याच दिवशी गोळ्यांची पहिली पट्टी हातात. केरळनं आपल्या सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी अशा तपासण्या सुरू केल्या आहेत. तिथली नागरी सुविधा वेगळी, साक्षरता वेगळी, हे खरंच. पण आपण ज्या राज्यात राहतो ते काही देशातलं गरीब राज्य नव्हे.

खासगीचा प्रकार तर आणखी मजेशीर आहे. रामदासपेठ-धंतोलीच्या पट्ट्यात नवजात बाळांसाठी पन्नास-पन्नास दुर्मीळ आजारांची पॅकेजेस मिळतात. हजारो रुपये भरून बाप समाधानानं रिपोर्ट घेऊन जातो, आणि त्यातले बरेचसे आजार असे की सापडले तरी उपचार इथे मिळतीलच याची खात्री नाही. दुसरीकडे, ज्या एका आजारावर उपचार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा, तो पन्नासांच्या गर्दीत एक ओळ होऊन बसतो आणि पॅकेज न परवडणाऱ्याच्या वाट्याला तेवढीही ओळ येत नाही. आधी ही एक तपासणी सर्वांना द्या, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष. तोही त्याच ठिपक्यात सापडतो. मुलग्यांत तो बाहेरून ओळखू येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शरीरातलं मीठ निघून जाऊन बाळ उलट्या करत दगावतं आणि कारण म्हणून हगवण लिहिलं जातं. आयसीएमआरच्या त्याच अभ्यासात हा दोष सुमारे ५८०० बाळांत १ निघाला. रांगेत दुसरा नंबर त्याचा.

"आम्ही तर आयोडीनचं मीठ खातो," असं काही जण म्हणतात. चांगलं आहे, खात राहा. गरोदर बाईला आयोडीन पुरेसं मिळणं आणि तिची थायरॉईड तपासणं हे लागतंच. पण ज्या बाळात ग्रंथीच नाही, तिथे मीठ काय करणार?

आणि शेवटी गोळीची भीती. "एवढ्याशा जिवाला हार्मोनची गोळी?" हा प्रश्न सासू विचारते, शेजारीण विचारते, कधी कधी गल्लीतला वैद्यही विचारतो. हार्मोन म्हटलं की लोकांना काहीतरी ताकदीचं, बिघडवणारं औषध वाटतं. ही गोळी म्हणजे थायरॉईडनं जे बनवायला हवं होतं तोच रेणू. १९२७ मध्ये तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत तयार झाला आणि तेव्हापासून त्यात गूढ असं काही उरलेलं नाही. बाळाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम, एवढी मात्रा डॉक्टर ठरवतात. गोळी चमच्यात चुरून, आईच्या दुधाच्या दोन-चार थेंबांत कालवून पाजायची. अख्ख्या बाटलीत टाकायची नाही, कारण बाळानं दूध अर्धं टाकलं तर औषधही अर्धं जातं. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधासोबत द्यायची नाही. वरचेवर रक्त तपासून मात्रा बदलावी लागते. साधारण तीन वर्षांनी डॉक्टर गोळी थांबवून ग्रंथी स्वतःहून चालते का ते बघतात. काहींची चालते, त्यांची गोळी सुटते. तोवर मात्र बाळ बरं दिसतंय म्हणून घरच्यांनी आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं दिसतंय ते गोळीमुळेच.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळाच्या तपासण्या आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. म्हणजे नवा कायदा नको, नवं मंत्रालय नको. "ऐच्छिक" या शब्दावर काट मारणारा शासन निर्णय हवा आणि खासगी प्रसूतिगृहांच्या नोंदणीच्या अटींत एक ओळ हवी. डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकार आठ-दहा दिवस नागपुरात येऊन बसतं. विदर्भाच्या अनुशेषावर भाषणं होतात, संत्र्यावर होतात, कापसावर होतात. जिल्ह्यातल्या एखाद्या आमदारानं एक लेखी प्रश्न टाकावा: गेल्या वर्षी जिल्ह्यात बाळं जन्मली किती, त्यांतल्या किती जणांचं टीएसएच तपासलं, आणि ज्यांचं वाईट निघालं त्यांतल्या किती जणांना चौदा दिवसांच्या आत गोळी मिळाली. किती शिबिरं घेतली, किती किट वाटले, हे उत्तरात नको. पहिले तीन आकडे दिले तरी पुरे.